आमेन म्हटल्यानंतरची पाच मिनिटं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही दोघंही नोकरी करता. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. गेलं वर्षभर रोज रात्री नऊ वाजता अर्धा तास कौटुंबिक प्रार्थना चालते. एक गीत, एक अध्याय, मग प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना. मुलगा तोंड पाडून बसतो. पती विश्वासू आहेत, पण ‘रविवारी उपासनेला जातोच की’ म्हणतात. धाकटी बाहुलीसाठी प्रार्थना करते आणि मोठा फिदीफिदी हसतो. मुलाला गोडी कशी लावावी आणि ख्रिस्ती जीवन त्या अर्ध्या तासापुरतं न राहता दिवसभर घरात कसं मुरावं, असं तुम्ही विचारलंय.

पण मधेच, जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय. मुलगा म्हणाला, ‘आमेन झालं की पाच मिनिटांत तुम्ही ओरडायला लागता, मग हे कशाला?’ तुम्ही ते त्याच्या उद्धटपणाचं उदाहरण म्हणून दिलंय. मला तुमचा खरा प्रश्न तिथेच दिसतो. या मुलाने प्रार्थना फार मनावर घेतली आहे. त्या अर्ध्या तासात आपण देवाला जे म्हणतो ते खरं असेल, तर पुढच्या पाच मिनिटांत त्याचं काहीतरी दिसायला हवं, एवढंच तो म्हणतोय. असं विचारणारा मुलगा विश्वासापासून लांब गेलेला नाही. मला जास्त काळजी वाटते ती काहीच न विचारता मुकाट्याने हात जोडणाऱ्या मुलांची.

मी २६ वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मुलांचे वर्ग घेते आणि त्या निमित्ताने पुष्कळ घरांत जाऊन बसले आहे. तरी तुमच्या घरातल्या काही गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही कोणत्या परंपरेतल्या आहात ते तुम्ही लिहिलेलं नाही. जपमाळ म्हणणाऱ्या घराची रीत वेगळी, उत्स्फूर्त प्रार्थना करणाऱ्या घराची वेगळी. दोन्हींत जीव असू शकतो आणि दोन्ही निर्जीवही होऊ शकतात. तुमच्या नोकरीच्या वेळा, मुलाचा स्वभाव, त्याच्या शाळेत सध्या काय चाललंय, यांनीही फरक पडतो. आणि एक गोष्ट आधीच सांगते: घरातलं ओरडणं थकव्याचं, चिडचिडीचं असेल असं धरून मी पुढचं लिहितेय. मारहाण असेल, दारू असेल, मुलं एखाद्याच्या पावलांच्या आवाजाने दचकत असतील, तर प्रार्थनेची पद्धत बदलून काही होणार नाही. तिथे आधी मुलांची सुरक्षितता, आणि त्यासाठी बाहेरच्या विश्वासू माणसाला स्पष्ट सांगणं. ख्रिस्ती क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन तुम्ही ऐकलं असेल: घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी देवाच्या आज्ञांबद्दल बोलत जा. पालकांच्या सभेत हे हटकून वाचलं जातं. पण ते सातवं वचन आहे. त्याच्या आधीचं, सहावं वचन म्हणतं की या गोष्टी आधी तुझ्या हृदयात असू देत. मुलांचा क्रम नंतर येतो. मी बरीच वर्षं हा क्रम उलटा धरून चालले. मुलांच्या मनावर काय बिंबवायचं याची तयारी चोख असायची, माझ्या मनावर काय बिंबलंय हे मी स्वतःला विचारत नव्हते.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना एका शनिवारी संध्याकाळी तिच्या हातून पाण्याचा पेला कलंडला आणि माझे दुसऱ्या दिवशीच्या वर्गाचे कागद भिजले. मी तिला फार बोलले. त्या कागदांशी संबंध नसलेलंही बोलले, तिच्या सगळ्या सवयी काढल्या. तासाभराने आम्ही प्रार्थनेला बसलो. ती माझ्या समोर मान खाली घालून फ्रॉकच्या काठाचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो आणि ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ इथे माझा आवाज थांबला. पुढचं म्हणताच येईना. मी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘मघाशी मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. कागद ओले झाले, एवढंच झालं होतं. तुला बाकीचं सगळं बोलण्याची गरज नव्हती. मला क्षमा कर.’ ती काही बोलली नाही. बोटाचा दोरा मात्र सोडला. दोन दिवस त्या विषयावर घरात एक शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून माझ्याजवळ आली आणि शाळेतली एक लपवलेली गोष्ट सांगून रडली. कबुली, पश्चात्ताप, क्षमा हे शब्द मी तिला वर्गात शिकवले होते. त्यांचा अर्थ तिला त्या शनिवारी कळला असं मला वाटतं, आणि मलाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आज-उद्या मुलाजवळ बसा आणि त्याच्या त्या वाक्याला उत्तर द्या. ‘तू म्हणालास ते खरं आहे. आमेननंतर मी ओरडते. ते मला बदलायचं आहे.’ इतकंच. क्षमा मागतानाही आपण पालक नकळत काही चुका करतो. ‘पण तूही…’ असं शेपूट लावतो. त्याने लगेच ‘ठीक आहे आई’ म्हणावं अशी वाट बघतो. किंवा इतकं रडतो की त्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं. यातलं काही करू नका. झालेल्या कृतीचं नाव घ्या, कारणं देऊ नका, आणि तो काहीच बोलला नाही तरी उठून आपल्या कामाला लागा. तुम्ही पुन्हा चिडाल, हे नक्की. चिडलात की पुन्हा तेच करा. प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा. आमच्या घरी हाच प्रार्थनेचा पहिला भाग झाला: बसण्याआधी, आज कुणाचं कुणाशी काही राहिलंय का? बहुतेक दिवशी नसतं. असेल तर ते आधी. त्यासाठी गीत राहिलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट, आपली प्रार्थना ऐकू कशी येते ते. मी घराघरांत ऐकलेलं एक वाक्य लिहिते: ‘हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून दूर ठेव, मोठ्यांचं ऐकायला शिकव.’ डोळे मिटलेले, हात जोडलेले, पण हे बोलणं देवाशी नसतं. शेजारी बसलेल्या मुलाला ते बरोबर लागतं, आणि त्याला उलट उत्तरही देता येत नाही, कारण प्रार्थना चालू असते. तुमच्या घरात असं होतं की नाही मला माहीत नाही. होत असेल तर ते आजपासून बंद करा. मुलासमोर मुलासाठी प्रार्थना करायची तर आभाराची करा, आणि तीही नेमकी: ‘आज याने बहिणीला बूट घालून दिले, त्याबद्दल तुझे आभार.’ त्याच्याबद्दलची तुमची भीती, तक्रार, रडणं, ते सगळं देवाजवळ जरूर न्या. पण दार लावून, एकटीने.

असंच एक ‘देव बघतोय हं’. लहान मूल ऐकत नसलं की हे वाक्य फार हाताशी असतं. त्याने काम होतं, पण देव कायमचा पहारेकरी होऊन बसतो. तेच शब्द मूल घाबरलेलं असताना, अंधारात, परीक्षेच्या सकाळी म्हणा. शब्द तेच, पण तेव्हा मूल त्या देवाजवळ सरकतं. आणि ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे इफिसकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं वचन वापरायचं असेल तर त्याच अध्यायातलं चौथं वचनही मुलांच्या देखत वाचा, ज्यात बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका.

आता अर्धा तास. माझं मत स्पष्ट आहे: ५ वर्षांच्या मुलीसाठी आणि थकलेल्या चार माणसांसाठी तो फार आहे. सात-आठ मिनिटं पुरेत. हे विश्वास सैल होण्याचं लक्षण समजू नका. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये घरच्या कर्त्या माणसाच्या हातात देण्यासाठी जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात सकाळची आणि रात्रीची प्रार्थना काही ओळींचीच आहे, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतरची सूचना अशी की मग लगेच, आनंदाने झोपी जा. प्रार्थनेनंतर आनंदाने झोपता येणं, हे मला आजही चांगलं माप वाटतं. नऊ ही वेळही बदलून बघा. त्या वेळी धाकटी पेंगत असणार आणि मोठ्याच्या डोक्यात उद्याचा गृहपाठ. काही घरांना जेवणाच्या ताटावरच, कुणी न उठता, बरं जमतं. काहींना सकाळी बाहेर पडताना दारात. तुमच्या घरी कोणत्या वेळी चौघं सगळ्यात कमी ओढाताणीत असता, ते आठवडाभर बघा आणि मग ठरवा.

वाचनासाठी रोज एक अध्याय हा हिशोब सोडा. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं हे १६ अध्यायांचं, सगळ्यात लहान, आणि त्यात घटना भराभर घडतात. एका वेळी एकच प्रसंग वाचा. आणि वाचून झाल्यावर ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर मुलांना आधीच पाठ असतं: ‘प्रेम करावं’, ‘विश्वास ठेवावा’. त्याऐवजी विचारा, ‘यात तुला काय विचित्र वाटलं? काय पटलं नाही?’ एकदा माझ्या वर्गात आम्ही पाचव्या अध्यायातली याइराच्या मुलीची गोष्ट वाचत होतो. मुलगी १२ वर्षांची, घरात रडारड चाललेली, येशू म्हणतो ती झोपली आहे, आणि लोक त्याला हसतात. तो तिचा हात धरून तिला उठवतो. एरवी मी इथे थांबून विश्वासावर बोलले असते. एका मुलाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. ‘घरात एवढी माणसं होती, तिला भूक लागली असेल हे एकालाही सुचलं नाही?’ मला पुढचा धडा घेताच आला नाही. मेलेली मुलगी जिवंत केल्यावर लगेच जो तिच्या भुकेची आठवण करून देतो, तो प्रभू स्वयंपाकघरात, डब्यांत, धुण्याच्या ढिगाऱ्यात असू शकतो, हे मला त्या दिवशी त्या मुलाने शिकवलं. दिवसभर घरात ख्रिस्ती जीवन कसं मुरावं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या ओळीतच सापडतं. कुणाला भूक लागली आहे, कोण आज गप्प आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे एकमेकांना विचारायचं, आणि मग मुलांना बरोबर घेऊन तिथे जायचं. दानाचे पैसे बाजूला काढताना मुलांच्या समोर काढा, किती आणि कशासाठी तेही सांगा. नाताळाआधीच्या आगमनकाळातले चार रविवार, पुनरुत्थानाच्या सणाआधीचे (ईस्टरआधीचे) चाळीस दिवस, हे तुमच्या परंपरेत पाळत असाल तर घरातही त्याची एखादी साधी खूण ठेवा. यावर मी फार लिहीत नाही, प्रत्येक मंडळीत सांगणारे असतात.

तेरा वर्षांच्या मुलाने मोठ्याने प्रार्थना करावी का? माझ्या मते, त्याच्यावर सक्ती नको. रविवारी उपासनेला सगळ्यांनी जायचं, रोजच्या सात मिनिटांना बसायचं, हा घराचा नियम असू शकतो आणि तो तुम्ही ठेवावा. पण देवाशी काय बोलायचं हे त्याचं स्वतःचं आहे. त्या वयात आवाज फुटत असतो, स्वतःचेच शब्द परके वाटतात, आणि सगळ्यांसमोर मन उघडं करणं जिवावर येतं. त्याला वचन वाचायला द्या, किंवा नुसतं बसू द्या. मी एक मुलगा दोन वर्षं असा गप्प बसलेला पाहिला आहे. आजीच्या आजारपणात एका रात्री त्याने आपणहून तोंड उघडलं.

त्याला तुमचा वेगळा वेळही द्या. सुझाना वेस्लीला १९ मुलं झाली, त्यातली दहा जगली. त्या धबडग्यात तिने आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. मुलगा जॉनची गुरुवारची. पुढे मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभी करणाऱ्या त्या मुलाने मोठेपणी आईला लिहिलेल्या पत्रात त्या गुरुवारांची आठवण काढली आहे. तुम्हाला दोनच मुलं आहेत, आठवड्याला अर्धा तास निघेल. तुमच्या त्या रोजच्या प्रार्थनेतून वाचणारा वेळ इथे घाला. चालायला जा, तो बोलेल ते ऐका. धार्मिक विषय तुम्ही काढू नका.

तो शंका विचारेल. ‘आजोबांसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ते गेले, मग देवाने ऐकलं नाही का?’ हा प्रश्न आमच्याही घरात आला होता. आम्ही एका वहीत प्रार्थनेचे विषय लिहायचो: डावीकडे मागणं आणि तारीख, उजवीकडे काय झालं ते. एका पानावर उजवीकडे ‘बाबा गेले’ एवढंच लिहिलं गेलं. ते पान फाडून टाकावं असं मला तेव्हा वाटलं होतं. ठेवलं ते बरं केलं. उत्तर मिळालेल्याच गोष्टींची वही मुलांना खोटी वाटते. अशा वेळी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचा, ‘परमेश्वरा, कुठवर?’ असं ते सरळ विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः हा प्याला टळू दे अशी विनवणी केली आणि तो टळला नाही. मुलाला लगेच समजूत काढणारं उत्तर देण्यापेक्षा हे त्याच्याबरोबर वाचत बसणं बरं. ‘मलाही कळत नाही, पण मी त्याच्याशी बोलणं सोडलेलं नाही,’ असं आईने म्हटलेलं मुलाला पेलतं.

पतींबद्दल. त्यांना ओढू नका, आणि मुलांसमोर त्यांच्या उणिवेवर बोट तर अजिबात ठेवू नका. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या घरात बाप ग्रीक होता, विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, असं पौलाने त्याला लिहिलेल्या पत्रातून आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून कळतं. तुमचे पती तर विश्वास ठेवणारे आहेत. त्यांना एकच काम सोपवून बघा: रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणं. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात याजक अहरोनाला दिलेले शब्द आहेत, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.’ अर्धा मिनिट लागतो, वक्तृत्व लागत नाही. जे वडील मोठ्याने प्रार्थना करायला लाजतात त्यांनाही हे जमताना मी पाहिलंय. आणि तेरा वर्षांच्या मुलाकडून या आशीर्वादात काहीच मागितलं जात नाही. त्याने फक्त पडून राहायचं. पहिले काही दिवस तो डोकं बाजूला घेईल. मग तेव्हा त्याच्या खोलीच्या दारातूनच म्हणा.

तुम्ही दोघं सोडून मंडळीत आणखी एखादं मोठं माणूस त्याच्या ओळखीचं आहे का, तेही बघा. बायबलमधल्या एली याजकाला स्वतःचे मुलगे सावरता आले नव्हते, पण रात्री देवाची हाक ऐकून त्याच्याकडे धावत आलेल्या लहान शमुवेलाला ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे शब्द त्यानेच शिकवले. काही गोष्टी मुलांना आईबापांकडून ऐकवत नाहीत, दुसऱ्याकडून ऐकवतात. यात तुमची हार नाही. पुढे ख्रिस्ती जगातला मोठा विचारवंत झालेल्या ऑगस्टीनने लिहून ठेवलंय की त्याची आई मोनिका एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा म्हणून मागे लागली. बिशपने नकार दिला. त्याला सध्या तसाच राहू द्या, त्याच्यासाठी फक्त प्रभूजवळ प्रार्थना करत राहा, असं सांगितलं. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला ३८७ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी. तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे, ताई.

पुढच्या महिन्यात सगळंच एकदम बदलू नका. पहिल्या आठवड्यात मुलाशी ते बोलणं आणि प्रार्थना सात मिनिटांवर. दुसऱ्या आठवड्यापासून मार्क आणि रात्रीचा आशीर्वाद. वही, गुरुवार, बाकीचं सावकाश. मधे तीन दिवस खंड पडला तर चौथ्या दिवशी काही न बोलता पुन्हा बसा, चुकलेले दिवस भरून काढू नका.

राहिली धाकटी. बाहुलीचा हात तुटलाय म्हणून ती रोज देवाला सांगते, ते थांबवावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबवू नका. मोठा हसला तर त्याला तिथल्या तिथे रागावू नका, तुम्ही स्वतः मनापासून ‘आमेन’ म्हणा. आणि मग ती पाच मिनिटं घ्या, चिकटपट्टी शोधा, आणि तो हात जोडायला मोठ्यालाच बोलवा.